मागाखालचं पाणी

मागाच्या खड्ड्यात

आधी पायांची बोटं पांढरी पडली, मग तळवे. मारोतरावांनी हे कुणाला सांगितलं नाही.

खड्ड्याचा माग असाच असतो. विणणारा जमिनीवर बसतो, पाय खाली खणलेल्या खड्ड्यात सोडतो, तिथल्या पावड्या पायांनी दाबतो आणि वर हातांनी धोटा इकडून तिकडे फेकतो. म्हणजे अर्धा माणूस घरात, अर्धा जमिनीत. मारोतरावांचा जमिनीतला अर्धा भिजत होता आणि घरातला अर्धा मुकाट्याने करवतकाठी साडी विणत होता.

त्यांची सून करुणा दुपारचा चहा घेऊन आली, तेव्हा म्हातारा पाय वर घेऊन मांडी घालून बसला होता. पंगतीत बसावं तसा. धोटा मांडीवर, माग बंद. तिला वाटलं, पाठ धरली असेल. मग तिने खाली वाकून पाहिलं.

दर पावसाळ्यात त्या खड्ड्याला ओल यायची. खाली नदीवर धरण झालं, पाणी अडलं, या कारधा गावाच्या काठापर्यंत फुगून आलं, तेव्हापासूनची ही ओल. मारोतराव तळाला वाळू टाकायचे, वर पोतं अंथरायचे आणि दिवाळीपर्यंत सगळं कोरडं व्हायचं. यंदा पोतं तरंगत होतं.

ती जमिनीवर पालथी झाली, हात खाली घातला, ओंजळ वर आणली. पाणी चहासारखं तांबूस. बोटांना बुळबुळीत. तिने ते नाकाशी नेलं आणि तशीच राहिली.

सोड्याच्या पाण्यात कोसा, म्हणजे रानातल्या रेशमाचे कोश, उकळला की जो वास सुटतो, तो एकदा घरात शिरला की नाकातून जात नाही. त्यात कोशातल्या किड्याचा वास असतो, सुटलेल्या चिकट्याचा असतो, चुलीतल्या ओल्या लाकडाचा असतो. पाऊस असा वास घेऊन येत नाही. नदीही नाही.

"वास येऊन राहिला का?" मारोतरावांनी विचारलं.

"हाव, मामाजी."

"मले वाटलं, माह्याच नाकात बसला."

त्यांनी कप घेतला, बशीत चहा ओतला, फुंकर मारली. काही झालंच नाही असं दाखवण्यात तो माणूस पटाईत होता. पण चहा पिऊन झाल्यावर पाय खाली सोडायची वेळ आली, आणि ते थोडा वेळ नुसतेच त्या पाण्याकडे बघत राहिले.

गावातला हा शेवटचा माग. गावात पूर्वी घरोघरी खटखट ऐकू यायची, आता फक्त इथून यायची. माग थांबला तर मारोतरावही थांबतील, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं. ठाऊक सगळ्यांना होतं.

आणि ते पाणी तिथे करुणाने आणलं होतं.

नदीत

करुणा अड्याळहून लग्न होऊन आली, तेव्हा वैनगंगा वाहत होती.

हे सांगावं लागतं, कारण आता ती नुसती असते. पुलावरून पाहिलं तर धानाचं शेत वाटावं असा हिरवा थर, काठापासून काठापर्यंत. जलपर्णी. पावसाळ्यात पुरासोबत ती खाली जाते, धरण भरलं की परत येऊन बसते. तिच्याखाली पाणी काळं, आणि उन्हाळ्यात त्या काळ्या पाण्याचा असा दर्प सुटतो की एसटीतले लोक पूल येण्याआधीच नाकाला रुमाल लावतात.

पूर्वी नदीत काय टाकलं, याचा कुणी विचार करत नसे. टाकलं की ते जायचं. पुढच्या गावाला जायचं, त्यांचं त्याच्या पुढच्या गावाला. आता जे टाकाल ते तिथेच, तुमच्यासमोर.

नालीत

त्याच वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी बचत गटाच्या बायकांना समाजमंदिरात बोलावलं होतं. कामिनी मॅडम नावाची भंडाऱ्याची एक मुलगी आली होती. चष्मा, सुती कुडता, पाठीवर पिशवी. विषय होता घर पर्यावरणपूरक करण्याचे सोपे उपाय. सोपे हा शब्द तिने इतक्यांदा उच्चारला की शेजारची गिरजाबाई मागून पुटपुटली, एवढं सोपं असतं तर हिला पाठवलं कायले असतं.

पण उपाय खरंच सोपे होते. कापडी पिशवी ठेवा. ओला कचरा वेगळा काढा, त्याचं खत करा. पिवळे बल्ब काढून एलईडी लावा. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घाला. छतावरचं पाणी टाक्यात घ्या. सांडपाणी उघड्या नालीत सोडू नका, अंगणात शोषखड्डा करा, जमीन ते गाळून घेईल.

इथे करुणाने हात वर केला.

तिला कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, आमच्या घरून कोशाचं पाणी जातं. सोड्याचं. नालीतून थेट नदीत. सगळ्या बायका तिच्याकडे वळून पाहायला लागल्या, आणि तिचे कान तापले. पण कामिनी मॅडमचा चेहरा उजळला. अशी बाई तिला बहुधा कुठल्याच गावात भेटली नव्हती.

घरी आल्यावर करुणा कामाला लागली. खताचं मडकं आलं, कापडी पिशव्या आल्या. कपडे धुवायची पावडर बंद झाली आणि रिठे आले. नवरा कुंदन राइस मिलमध्ये मशीनवर होता, संध्याकाळी भुवयांवर कोंड्याची धूळ घेऊन यायचा. तो हसायचा. म्हणायचा, अख्खा गाव नदीत घाण सोडून राहिला, नागपूरपासूनची घाण येऊन राहिली, अन् माही बायको रिठे कुटून नदी साफ करून राहिली. करुणा रिठे कुटतच राहायची. तिला नदी साफ करायची नव्हती. एवढंच हवं होतं की त्या काळ्या पाण्यात आपल्या घरचं काही नसावं. पुलावरून जाताना मान वर ठेवता यावी.

सगळ्यात सोपी गोष्ट मारोतरावांना पटवणं ठरली. तिला वाटलं होतं, म्हातारा ऐकणार नाही. ते म्हणाले, "कोठी खणाचं, मी दाखवतो."

खड्ड्यात

छातीइतका खोल खणा. तितकाच लांब, तितकाच रुंद.

जागा निवडताना जमीन पाणी पिणारी आहे ना, ते बघा. मारोतराव तिला माग असलेल्या खोलीच्या मागे घेऊन गेले. तिथे कोसा उकळायची चूल आणि त्यापलीकडे भिंतीलगतचा रिकामा कोपरा. ते म्हणाले, मी पोरगा होतो तवापासून पाहून राहिलो. या कोपऱ्यात घागर लवंडली तर मागं वळून पाहीपर्यंत जमीन कोरडी. हा कोपरा गटागट पाणी पेते. त्यांनी बादलीभर पाणी ओतून दाखवलं. खरंच, पाणी गेलं. उन्हाळा लागत होता, धरणातलं पाणी उतरलं होतं. पण त्या वेळी हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. कितीतरी दिवसांनी मारोतरावांना घरात कुणीतरी काही विचारलं होतं.

तळाला मोठे दगड टाका. कुंदनने सुट्टीच्या दिवशी बैलगाडीभर आणले, वाटेत आठवेल त्याला शिव्या देत.

वर विटांचे तुकडे. त्यावर बारीक गिट्टी. त्यावर रेती. रेतीला कारध्यात तोटा नाही.

मध्ये भोकं पाडलेलं मडकं बसवा. मडक्यात नारळाच्या शेंड्या भरा, म्हणजे चिकटा त्यात अडकेल. मडकं मारोतरावांनी स्वतः बसवलं, मूल पाळण्यात ठेवावं तसं. मग नालीकडे जाणारं तोंड सिमेंटने बुजवलं आणि पाइप खड्ड्यात सोडला.

मागाच्या खोलीची भिंत तिथून हातभर. भिंत मातीची. भिंतीच्या पलीकडे मागाचा खड्डा.

हे कुठल्याच उपायात नव्हतं. कारण मागाचा खड्डा आता कुणाच्या घरी नसतो.

कुठेच नाही

तो उन्हाळा करुणाच्या आयुष्यातला चांगला उन्हाळा.

कोसा उकळायचा, तांबूस पाणी पाइपातून जायचं, मडक्यात पडायचं, आणि नाहीसं व्हायचं. दारापुढची नाली कोरडी पडली. तिच्यात कोंबड्या फिरायला लागल्या. कामिनी मॅडम आली, फोटो काढले, दारावर हिरव्या अक्षरांची पाटी लावून गेली: पर्यावरणपूरक घर. मारोतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला कोपरा दाखवायचे आणि सांगायचे, जागा मीच निवडली.

एकदा करुणा मुद्दाम नदीवर गेली. नाली जिथे नदीत पडायची, तिथे उभी राहिली. आपल्या घरचा थेंब आता इथे येत नाही, हे तिने मनातल्या मनात म्हटलं. पाणी होतं तसंच काळं होतं. पण तिला वाटलं, आपल्याला बघता तरी येतं त्याच्याकडे.

पुन्हा मागाच्या खड्ड्यात

तर आता पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. कुंदन मिलमधून आला तेव्हा तिने त्याला खोलीत नेऊन दाखवलं. तो उकिडवा बसला, काडी पाण्यात घालून पाहिली, आणि मग दोघं जे बोलले ते मारोतराव बाहेरच्या बाजेवर बसून ऐकत होते. मातीच्या भिंतीतून आता पाणीही येत होतं, मग आवाज काय.

"धरण भरलं. खालून पाणी वर आलं, तुह्या खड्ड्यातलं पाणी कोठी जाईन? जिकडं पोकळ सापडलं तिकडं गेलं."

"मंग काढून टाकू."

"काय काढतं? पाणी काढतं का जमीन काढतं?"

"तुमी बोलायले मोकळे आहात. खड्डा खणतानी होते ना तुमी बी."

"मी दगड आणले. तू म्हटलं, आणले. मले का माहीत बाबाचा माग बुडवून राहिलो म्हणून."

"हळू बोला."

"आता हळू बोलून काय होते? वासानं समजत नाही का त्याईले?"

बाहेर बाजेची दोरी करकरली. मारोतराव उठून उभे राहिले असावेत, किंवा नुसती कूस बदलली असावी.

विहिरीत

मागच्या अंगणातली विहीर दुसऱ्या आठवड्यात गेली. धरण झाल्यापासून ती इतकी भरायची की दोर अर्धाच सोडावा लागायचा, आणि आतापर्यंत सगळे याला नशीब समजत होते. एका सकाळी करुणाने त्या पाण्यात डाळ शिजत घातली. डाळ लवकर शिजली, फार लवकर, सोडा घातल्यासारखी, आणि पिवळट लगदा झाला. जेवताना कुंदनने एक घास घेतला आणि ताट सरकवलं. मारोतरावांनी संपवलं.

दुसऱ्या दिवसापासून पाण्याचे कॅन यायला लागले. प्लास्टिकचे, निळे. खताच्या मडक्याशेजारी ते रांगेत बसले.

बुटात

धानाच्या बांधीत चिखलात रोपं रोवताना घालतात तसे गुडघ्याएवढे रबरी बूट कुंदनने भंडाऱ्याहून आणले. काळे, नवे, टायरचा वास येणारे. बापापुढे ठेवले आणि मिलमध्ये निघून गेला. रात्री भांडला होता, त्याची ही भरपाई होती.

मारोतरावांनी बूट घातले आणि मागावर बसले. करुणा दारात उभी होती. धोटा गेला, आला, गेला, अडकला. पुन्हा गेला, पुन्हा अडकला. करवतकाठीच्या काठाला करवतीसारखे दाते पडतात. तिथे धाग्याची एक चूक झाली तर दाता बोथट होतो आणि विकत घेणारी बाई पहिलं बोट तिथेच ठेवते. मारोतरावांनी सकाळभरात विणलं त्यापेक्षा जास्त उसवलं.

मग त्यांनी बूट काढले, नीट जोडीने भिंतीशी ठेवले.

"जमत नाही का मामाजी?"

"बुटात पाय आंधळे होतेत."

आणि अनवाणी पाय त्यांनी पाण्यात सोडले. माग चालू झाला. खटखटीच्या खाली आता आणखी एक आवाज होता, पावडी दाबली की पाणी चुबकायचं. करुणा स्वयंपाकघरात गेली तरी तो आवाज तिला येत होता. ती भांडी मुद्दाम जोरात घासायला लागली.

पुन्हा नालीत

तिने स्वतः पहार घेतली आणि सिमेंटने बुजवलेलं नालीचं तोंड फोडलं.

पाइप पुन्हा नालीकडे वळला. तांबूस पाणी कोंबड्यांच्या पायांखालून वाहत नदीकडे निघालं, जसं आधी कितीतरी वर्षं जात होतं. शोषखड्डा बंद. कुंदनने मोटर आणून मागाचा खड्डा उपसला, विहीर उपसली. ते पाणीही नालीतूनच गेलं, दुसरीकडे जाणार कुठे? मागाचा खड्डा सकाळी रिकामा केला की संध्याकाळी ओला, दुसऱ्या दिवशी घोटाभर. वास तोच. जमिनीने उन्हाळाभर जे पिऊन ठेवलं होतं, ते ती आता थोडं थोडं परत देत होती.

याच दिवसांत कामिनी मॅडम परत आली. या वेळी एकटी नव्हती, सोबत मापं घेणारे दोघं होते. नदीकाठच्या सगळ्या गल्लीला शोषखड्डे मंजूर झाले होते. बायका करुणाच्या अंगणात जमल्या, कारण पाटी तिच्या दारावर होती.

करुणाने तिला मागाच्या खोलीत नेलं आणि दाखवलं. कामिनी मॅडम त्या पाण्याकडे बघत उभी राहिली. चांगली मुलगी होती ती, सबबी सांगितल्या नाहीत. तिने विचारलं, उंच जागा नाही का कुठे घरात? करुणा म्हणाली, सगळ्यात उंच ही खोलीच. मग ती म्हणाली की मी वर कळवते ताई, पण खड्डे मंजूर होऊन गेले आहेत, माझ्या हातात थांबवणं नाही. चष्मा काढून तिने ओढणीने पुसला, परत लावला, परत काढला.

तेव्हा करुणा बाहेर आली आणि बायकांना म्हणाली, खणू नका. निदान भिंतीजवळ नको, विहिरीजवळ नको. आमचं बघा काय झालं.

गिरजाबाईने कमरेवर हात ठेवले. गेली कित्येक वर्षं ती या घरच्या विहिरीचं पाणी भरत होती, आणि विहीर गेल्यापासून तिला लांबच्या नळावर जावं लागत होतं.

"काय वं करुणा, तुह्या दारावर पाटी लागली, तुहा फोटो निंगाला. आता आमची बारी आली त आडवी येऊन राहिली?"

"तसं नाही गिरजाबाई. पाणी खालून येते."

"तुह्या घरी सोड्याचं पाणी होतं. आमच्या घरी का सोडा आहे? आमचं त आंघोळीचं पाणी. गरिबाच्या आंघोळीत एवढं जहर नसते, बाई."

दोघीतिघी हसल्या. मापं घेणाऱ्यांपैकी एकाने चुन्याची फक्की गिरजाबाईच्या भिंतीलगत टाकली. तिथेच जागा होती. सगळ्यांच्याच घरी तिथेच जागा होती.

करुणाने दारावरची पाटी काढायला स्टूल घेतलं. खिळे गंजून बसले होते, पाटी अर्धी तुटून हातात आली. उरलेल्या अर्ध्यावर 'पूरक घर' एवढंच राहिलं, आणि ते तिने तसंच सोडलं.

कापडात

मधुकरराव भंडाऱ्याचे व्यापारी. मारोतरावांची साडी नागपूरला पोचवायचे ते तेच, आणि त्यांच्या आधी त्यांचे वडील. दिवाळीआधी ते साडी न्यायला आले. बाजेवर बसले, कॅनच्या पाण्याचा चहा प्याले, साडीची घडी हातात घेतली. काठावरून बोट फिरवलं. दाते धारदार होते, एकही चुकला नव्हता. मग नेहमीच्या सवयीने त्यांनी घडी उघडून नाकाशी नेली.

कोशाला स्वतःचा एक वास असतो, उन्हात तापलेल्या गवतासारखा. लोक त्याच वासावर ओळखतात. मधुकररावांनी घडी पुन्हा घातली, पुन्हा उघडली. आतल्या पदरावर बुरशीचे बारीक ठिपके होते, सुईच्या टोकाएवढे. त्यांनी तिसऱ्यांदा घडी घातली. मारोतरावांनाच राहवलं नाही.

"सांगा ना बाप्पा, मी का लहान पोरगा आहो?"

"घेऊन जातो मी ही," मधुकरराव म्हणाले. "पण पुढची इथं नका विणू मारोतराव. माझ्या गोदामात उभा माग आहे, लोखंडी. खुर्चीवर बसून विणायचं. गाडी पाठवतो सकाळी."

मारोतराव हसले. त्यांना त्या मागाचा राग नव्हता. ते म्हणाले, येईन पाहायले. दोघांनाही कळलं की ते येणार नाहीत. आयुष्यभर जमिनीत पाय सोडून बसलेल्या माणसाला खुर्चीवरून पाय लोंबकळत ठेवून विणता येत नाही. येत असेलही कुणाला. त्यांना येणार नव्हतं.

साडी गेली. गावात मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचे, दिवस आले, दंडारीच्या नाचाचे ढोलके दुपारपासून वाजायला लागले.

बोटांवर

माग रिकामा ठेवत नाहीत. साडी कापून काढली तरी जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं फणीत तशीच ठेवतात, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या एकेका टोकाला पीळ देऊन जोडतात. बोटांना राख लावायची, दोन टोकं चिमटीत धरायची, अंगठ्याने फिरवायची. धागा बसतो. मग पुढचा. सगळे जोडून झाले की नवा ताणा जुन्याच्या मागोमाग फणीतून ओढून घेतात. म्हणजे या मागावर जे चढलं होतं, ते सगळं एकमेकांना बांधलेलं. मारोतरावांच्या आजोबांनी चढवलेल्या पहिल्या ताण्यापासून आजपर्यंत. हे काम घरच्या सुनेचं. करुणाला लग्नानंतर तेव्हा हयात असलेल्या सासूने पहिलं हेच शिकवलं होतं, स्वयंपाकाच्याही आधी.

मंडईच्या दिवशी घर रिकामं होतं. कुंदन दंडार बघायला गेला होता. करुणाने वाटीत राख घेतली आणि मागाच्या मागच्या बाजूला बसली. नवा ताणा तिने आधीच तयार करून ठेवला होता. खड्ड्यात पाणी होतंच. तिने त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

मारोतराव दारात आले. पाय पुसलेले होते, तळव्यांच्या भेगा पांढऱ्या.

"राहू दे, करुणा."

ती थांबली नाही. म्हणाली, खड्डा बंद केला मामाजी. आता सगळं नालीतूनच जाते. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की हे बी उतरन.

"उतरन," ते म्हणाले.

"मंग?"

"मंग पावसाळ्यात चढन." ते उंबऱ्यावर टेकले. बाहेरच्या ढोलक्याकडे कान दिला. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू खड्डा नसता केला तरी हे आलंच असतं पोरी. पाच वर्षांनी आलं असतं. दर साली थोडं थोडं येतच होतं ना? मीच वाळू टाकून झाकत होतो."

करुणाचे हात राखेत तसेच राहिले.

ते खरं असेल. म्हातारा खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. पण बशीतल्या चहावर फुंकर मारत काही झालंच नाही असं दाखवणाराही तोच होता. तिला नीट ठाऊक होतं की हे या दोन्हींपैकी कोणतं, ते आपल्याला कधी कळणार नाही. विचारलं तरी ते हेच सांगतील. आणि त्या पाण्याला तर वास होता. धरणाच्या पाण्याला तो वास नसतो.

"जागा त मीच निवडली," ते म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. उन्हात बाज होती, तिच्यावर जाऊन पाय पसरून बसले.

तिने जोडणी सुरू ठेवली. मान अवघडली, उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत कोपऱ्यात गेली, बोटांची कातडी पिळाने सोलवटली. एकही धागा तिने सोडला नाही. जोडून झाल्यावर ताणा फणीतून हलक्या हाताने ओढून घेतला, दांड्याला बांधला, ताठ केला. माग भरला.

संध्याकाळी कुंदन आला, खोलीत डोकावला, आणि त्याचा चेहरा खुलला. "ताणा लागला वाटते. कधी बसतेत बाबा?"

करुणाने हात धुतले. बाहेर मारोतरावांनी ऐकलं होतं, पण ते दंडारीत या साली कोण कोण होतं, असं शेजारच्याला विचारत राहिले.

ते बसले नाहीत. दिवाळी मागे पडली, थंडी पडली. पलीकडे गिरजाबाईच्या भिंतीशी खड्डा खणून झाला, तिने त्याला हळदकुंकू वाहिलं. मारोतराव दिवसभर बाजेवर असतात, उन्हाबरोबर बाज सरकवतात. बोलतात, जेवतात, कुणी आलं तर हसतात.

खोलीतल्या ओलीने ताणा सैल पडतो. विणणारा नसला की तो मधोमध पोटासारखा खाली येतो आणि त्याचे धागे पाण्याला टेकायला बघतात. करुणा रोज सकाळी सडा टाकून झाला की खोलीत जाते, दांडा फिरवते आणि तो ताणून ठेवते.

दुपारपर्यंत तो पुन्हा सैल पडतो.